लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही (पाचवा महिना, देवगड)

पागोळी
१० एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, लिहायची ही पहिलीच वेळ. मला पाचवा महिना आहे, पहिलंच बाळ. तारीख ऑगस्टच्या शेवटची दिलीय, म्हणजे गणपतीच्या आसपास.

तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.८ होतं. काल उपकेंद्रात पुन्हा तपासलं तर ९.१. सिस्टर म्हणाल्या, "गोळ्या खातेस ना गं?" मला तिथेच रडू आलं. चौथा महिना लागल्यापासून एक दिवस चुकवलेला नाही. लाल गोळ्यांची रिकामी पाकिटं मी फडताळात जपून ठेवलीत, कोणालाही मोजून दाखवीन. मग रक्त जातं कुठे?

विहिरीवरून वर येताना आमच्या घाटीला बत्तीस पायऱ्या आहेत. पूर्वी दोन कळश्या घेऊन एका दमात यायचे. आता रिकाम्या हाताने येताना दोनदा बसावं लागतं. सध्या आंब्याचा हंगाम, घरात सगळे पेट्या भरण्यात. मी बसून आंबे निवडते, तेवढंच. सासूबाई चांगल्या आहेत, काही उचलू देत नाहीत. पण घरात रोज एकेक नवीन सांगणं असतं. मासे उष्ण, आंबा उष्ण, अंडं उष्ण. मग खाऊ काय? दोन जिवांचं खा म्हणतात आणि ताटातला एकेक पदार्थ उचलून नेतात.

कोणाला असा अनुभव असेल तर सांगा. बाळाला काही होणार नाही ना?

आठळी
१० एप्रिल, रात्री १०.१५

अगं, घाबरू नकोस. माझं सातव्या महिन्यात ८.६ होतं आणि मुलगा आता चौथीत आहे. खजूर, बीट, डाळिंब सुरू कर. मी रोज एक बीट किसून खायचे.

मुचकुंदी
११ एप्रिल, सकाळी ६.५०

पागोळी, मी एकतीस वर्षं उपकेंद्रात आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. आधी तुझी भीती थोडी कमी करते. गरोदरपणात अंगातलं पाणी रक्तातल्या लाल पेशींपेक्षा जास्त वेगाने वाढतं, त्यामुळे चौथ्या ते सहाव्या महिन्यात आकडा थोडा उतरतोच. पण ११ च्या खाली रक्त कमी धरतात, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली गंभीर. तुझं ९.१ मध्यम आहे. म्हणजे धावपळ करायची गरज नाही, पण "होईल बरं" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. बाळंतपणात थोडंफार रक्त सगळ्यांचंच जातं. जिच्या अंगात शिल्लक असते तिला ते सोसतं.

बीट खा, वाईट काही नाही, पण बिटाचा रंग लाल म्हणून त्यात लोह फार असतं असं नाही. नुसत्या बिटावर ९ चे ११ झालेले मी एकतीस वर्षांत बघितले नाहीत.

आता मला तीन गोष्टी खऱ्या-खऱ्या सांग. लोहाची गोळी किती वाजता घेतेस? कशाबरोबर घेतेस? आणि कॅल्शियमची पांढरी गोळी कधी घेतेस?

पागोळी
११ एप्रिल, दुपारी १.३०

ताई, सकाळी सातला. उठल्यावर कोरा चहा होतो आमच्याकडे गूळ घालून, त्या चहाबरोबरच. आणि विसरायला नको म्हणून कॅल्शियमचीही तेव्हाच घेते. दोन्ही गोळ्या एकत्र, वर चहा.

मुचकुंदी
११ एप्रिल, दुपारी २.०५

सापडलं बघ. बाय, तू मनापासून गोळ्या घेत होतीस आणि त्या तशाच बाहेर जात होत्या. तुझी यात काही चूक नाही, हे तुला गोळ्या देतानाच सांगायला हवं होतं.

चहात जे तुरट असतं ते लोहाला धरून ठेवतं, आतडं मग ते शोषून घेऊ शकत नाही. कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. एका गोळीच्या दोन वैरिणी तू एकाच वेळी बोलावल्यास.

असं कर. कॅल्शियम दिवसातून दोनदा असतं, ते सकाळी न्याहरीबरोबर आणि दुपारी जेवणाबरोबर घे. लोहाची गोळी रात्री जेवल्यावर दोन तासांनी, झोपायच्या आधी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. आवळा असेल तर तोंडात आवळ्याची फोड. आंबटातलं क जीवनसत्त्व लोह आत घ्यायला मदत करतं. रात्री घेतली की मळमळ झोपेतच निघून जाते. चहा सोडायला सांगत नाही, आमच्या कोकणात ते कोणी ऐकतही नाही. फक्त गोळी आणि चहा यांच्यात दोन तास ठेव. जेवणावर लगेच चहा पितेस तोही थोडा पुढे ढकल, कारण भाजी-डाळीतलं लोहही तो अडवतो.

शौचाला काळं होईल, घाबरू नको. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढव, पिकलेलं केळं, पेरू, पालेभाजी खा, पण गोळी बंद करू नको.

आणि दोन कामं डॉक्टरांकडे. ९.१ ला एक गोळी पुरत नाही. सरकारी नियमाप्रमाणेही मध्यम रक्तक्षयात रोज दोन देतात, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोहाच्या दोन. ते त्यांना विचारून कर, आपल्या मनाने नको. दुसरं, जंताची गोळी मिळाली का? चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदाच देतात. आपल्याकडे अनवाणी बागेत, शेतात वावरणाऱ्या बायकांच्या पोटात आकड्यासारखे जंत होतात, ते आतून रक्त पितात. मग वरून कितीही ओता.

खाडीकाठ
११ एप्रिल, संध्याकाळी ७.२०

आमची पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. मासे उष्ण म्हणून गरोदर बाईचे बंद करणं हे मला कधी पटलं नाही. माझ्या आईने पाच बाळंतपणं माशांवरच काढली. फक्त मासा कोणता हे बघावं. लहान मासे चांगले: तारली, पेडवे, मांदेली, बोंबील, बांगडा. मोठे शिकारी मासे लहान माशांना खाऊन मोठे होतात आणि पाऱ्याचा अंश त्यांच्या अंगात साठत जातो, म्हणून मोरी पूर्ण टाळा. सुरमई फार मोठी असेल तर रोजची नको. तिसऱ्या, कालवं खायची तर पूर्ण शिजवून, अर्धकच्ची अजिबात नाही.

एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. तेव्हा घरोघरी सुकं निघतं. सुक्यात मीठ भरपूर, तेव्हा प्रेशर वाढलेलं असेल तर सुकट-खारं यांच्यावर फार भिस्त ठेवू नका.

रातांबा
११ एप्रिल, रात्री ८.४५

मला वाटतं जुन्या बायकांचं सगळंच टाकून देऊ नये. माझ्या आजीने मला पहिले तीनही महिने मासा दिला नाही, आणि मला उलट्यांचा त्रास कमी झाला.

मुचकुंदी
११ एप्रिल, रात्री ९.३०

रातांबा, वासाने मळमळ होत असेल तर पहिल्या तीन महिन्यांत न खाणं बरोबरच. आजी माया करत होत्या. पण नंतरही बंद ठेवला तर त्याच्या जागी दुसरं काय दिलं हा माझा प्रश्न असतो. मी घरोघर हेच बघत आले की मासा काढला, अंडं काढलं, डाळ "वातूळ" म्हणून काढली, आणि ताटात उरला पेजभात आणि लोणचं. पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ वाढू लागतं तेव्हा बाईला रोज साडेतीनशे उष्मांक जास्त लागतात. म्हणजे दुप्पट जेवण नव्हे. एक नाचणीची भाकरी, वाटीभर उसळ आणि एक अंडं, एवढंच वरचं. "दोन जिवांचं" म्हणजे भाताचे दोन डोंगर नाहीत.

आपल्याकडे या कामाचं धान्य घरात आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या जवळपासही नाही. सकाळी नाचणीची आंबील किंवा भाकरी. कुळथाची पिठी हा गरिबाचा पदार्थ म्हणून लोक लाजतात, पण कुळथात पाचवा हिस्सा प्रथिनं असतात. चवळी, मूग भिजवून मोड आणून वर लिंबू पिळा. आंबा खाल्ल्याने गर्भाला काही होत नाही, साखर वाढलेली असेल तर मात्र फोडी मोजून. पिकलेली पपई चालते. कच्ची, चीक असलेली नको.

ओहळ
१२ एप्रिल, दुपारी ३.१०

एक प्रश्न विचारते. राग मानू नकोस. तू मिश्री लावतेस का?

पागोळी
१४ एप्रिल, रात्री ११.२०

दोन दिवस इथे आले नाही. ओहळ, तुमचा प्रश्न वाचून फोन बंद केला होता.

हो, लावते. चौदा वर्षांची असल्यापासून. आमच्या माहेरी पाणंदीच्या तोंडाशी दगड आहे, सकाळी आई, काकी, मी तिथे बसून लावायचो. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची, मग पत्र्याच्या डबीत. बोटाने हिरड्यांना लावून दहा-पंधरा मिनिटं बसलं की पोट साफ होतं. आता सकाळ-दुपार-रात्र, तीनदा. लावली नाही तर डोकं धरतं आणि शौचाला होत नाही. डॉक्टरांनी तंबाखू खातेस का विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. ते खोटं वाटलं नव्हतं मला, कारण आमच्याकडे मिश्रीला कोणी तंबाखू म्हणत नाही. दात घासायची वस्तू म्हणतात.

हे इथे लिहिताना हात कापतोय. माझ्यामुळे बाळाला काही झालं असेल का?

ओहळ
१५ एप्रिल, सकाळी ७.४०

पागोळी, तू लिहिलंस त्याबद्दल तुझे पाय धरावेसे वाटतात. मीही लावायची. माझी पहिली मुलगी एक किलो नऊशेची झाली, पंधरा दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही.

मुचकुंदी
१५ एप्रिल, सकाळी ८.२५

बाय, आधी अश्रू पूस. पाचवा महिना आहे, बाळाची खरी वजनवाढ पुढेच आहे. आज सोडलीस तर आजपासूनचा फायदा बाळाला आहे.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात, वारेतून बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री आणि तशीच बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि वेळेआधी होण्याचं प्रमाणही जास्त होतं.

सोडायची कशी ते मी बायकांबरोबर बसून शिकले. डबी घरातच ठेवू नको, कोणाला ठेवायलाही देऊ नको, पाण्यात टाक. पहिले चार-पाच दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, घरच्यांना आधीच सांगून ठेव. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ तोंडात लवंग किंवा बडीशेप धर, अंगणात दोन फेऱ्या घाल. पोट साफ होण्यासाठी सकाळी दोन तांबे कोमट पाणी आणि रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका. बोलायला कोणी हवं असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना स्वतः सांग. ते रागावले तर रागावू देत, पण त्यांना माहीत असायला हवं.

पागोळी
१२ मे, रात्री ९.००

आज रक्त तपासलं. ९.९!

रात्री साडेनऊला लिंबूपाण्याबरोबर एक आणि सकाळी न्याहरीआधी तासभर एक, अशा दोन गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या. सकाळचा चहा आता उशिरा होतो, कॅल्शियम दुपारी आणि संध्याकाळी. जंताची गोळीही घेतली. डबी पंधरा एप्रिललाच खाडीत टाकली. दोनदा मोह झाला, एकदा सासूबाईंच्या डबीतून बोटभर घेतलीही. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई माझ्यासमोर लावेनाशा झाल्या, मागीलदारी जाऊन लावतात. मला त्याचं फार वाटलं.

घाटी चढताना आता एकदाच बसते.

मुचकुंदी
१२ मे, रात्री ९.३५

महिन्याभरात जवळजवळ एक ग्रॅम. शाबास गं माझ्या बाये. हेच वाढलं नसतं तर मी पुढच्या तपासण्या आणि सलाइनमधून लोह याबद्दल विचारायला लावलं असतं. आता साखरेची तपासणी करून घे, चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आली तर पुढे बघतात. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर असतात. त्या दिवशीच जा.

रातांबा
२४ जून, सकाळी १०.१०

पागोळी, लावणी सुरू झाली का? तू शेतात उतरू नकोस हं.

पागोळी
२४ जून, रात्री ८.३०

रक्त १०.६ आहे. साखर ठीक. लावणीला माणसं मिळत नाहीत, म्हणून मीच म्हटलं होतं की बांधावर बसून निदान तरवा जुड्या करून देते.

मुचकुंदी
२४ जून, रात्री ९.१५

नको. बांधावरही अनवाणी नको. साचलेल्या पाण्यात उंदराच्या, गुरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, पायाच्या भेगेतूनसुद्धा शिरतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत दर पावसाळ्यात माणसं त्याने दगावतात. गावात प्रतिबंधाची गोळी वाटतात ती डॉक्सीसायक्लिन, ती गरोदर बाईला देत नाहीत. म्हणून तुझं रक्षण एकच, त्या पाण्यात पाय न घालणं. ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नको, त्याच दिवशी दाखव आणि गरोदर असल्याचं पहिल्या वाक्यात सांग. तापाला पॅरासिटामॉल चालते, दुकानातून मिळणाऱ्या दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या नकोत.

तवसाळकर
१ जुलै, रात्री १०.४०

हा धागा पहिल्यापासून वाचतोय. पुरुष इथे कमी लिहितात, पण मला लिहायलाच हवं.

माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना संपत आला होता, गणपतीचे दिवस. घरात वीस माणसं, ती पहाटेपासून मोदकांच्या उकडीपाशी. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत होती. आई म्हणाली, धुराने दुखत असेल. हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, चेहरा सुजला, तर सगळे म्हणाले, बाळंतपण जवळ आलं की सुजतंच. तिसऱ्या रात्री म्हणाली, दिव्याभोवती काजवे दिसतात. आणि थोड्या वेळाने तिला झटका आला.

रात्री खाडीपलीकडे जायला फेरी बंद. वळसा घालून जायचं तर रस्ता लांबचा, वरून पाऊस, हमरस्त्यावर मुंबईकरांच्या गाड्यांची रांग. पहिल्या दवाखान्यात पोहोचलो तर तिथे डॉक्टर नव्हते. पुढच्या ठिकाणी मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं आणि बाळ काढलं. बहीण वाचली. बाळ नाही वाचलं. प्रेशर १७० होतं. त्याआधीच्या पाच आठवड्यांत ते कोणी मोजलंच नव्हतं, कारण पावसात कोण जाणार म्हणून आम्हीच तिला नेलं नव्हतं.

पागोळी, तुमची तारीख गणपतीत आहे. तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या.

मुचकुंदी
१ जुलै, रात्री ११.१०

दादा, तुमचं हे वाचून मला बराच वेळ काही लिहिता आलं नाही. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

पागोळी, आता तुला शेवटच्या दोन महिन्यांचं सांगते. न थांबणारं डोकेदुखीचं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, बरगडीखाली पोटात वर दुखणं, चेहरा-हात एकाएकी सुजणं, यातलं एक जरी झालं तरी त्याच तासाला निघायचं. प्रेशर १४०/९० झालं की डॉक्टर, १६०/११० म्हणजे थेट दवाखाना. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, हेही तसंच. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर कुशीवर झोप, डाव्या कुशीवर उत्तम. जेवल्यावर आडवी होऊन बाळाच्या हालचाली मोज, दोन तासांत दहा व्हायला हव्यात.

आणि रस्ता. देवगडहून कणकवली पन्नासेक किलोमीटर, पावसात नांदगाव तिठ्यापर्यंत यायलाच किती वेळ जातो ते तुला माहीत आहे. सदतिसाव्या आठवड्यानंतर दवाखान्याजवळ कोणी नातेवाईक असेल तर तिकडे जाऊन राहा. गणपती घरी नाही बघितला तर बाप्पा रागावत नाही. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये. तुझा रक्तगट काय? त्या गटाची दोन माणसं आधीच बोलून ठेव. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, औषधं, नेण्या-आणण्याची गाडी, सगळं मोफत आहे, २०११ पासून. पैशाच्या विचाराने कोणी थांबू नये.

पागोळी
१४ ऑगस्ट, रात्री ९.२०

यांना तवसाळकरदादांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कणकवलीला जाऊन मावशीच्या घरची खोली झाडून, कॉट लावून आले. मी कालपासून इथे आहे. दवाखाना रिक्षाने सहा मिनिटांवर. येताना सासूबाईंनी ओटी भरली, तांदूळ-नारळाबरोबर एक लहान पुरचुंडी दिली. घरी येऊन सोडली तर आत नाचणीचं पीठ.

रक्त ११.१, प्रेशर ११८/७६. रक्तगट बी पॉझिटिव्ह, यांचे दोन मित्र तयार आहेत.

मिश्रीला चार महिने झाले.

आठळी
१४ ऑगस्ट, रात्री ९.४५

डोळे भरून आले गं. सुखरूप हो.

पागोळी
२५ ऑगस्ट, दुपारी ४.१५

मुलगी. दोन किलो आठशे पन्नास. बावीस तारखेला पहाटे, नॉर्मल. दोघी बऱ्या आहोत. ती माझ्याकडेच तोंड करून झोपलीय, एका हाताने लिहितेय.

मुचकुंदीताई, एक विचारायचं होतं. मावशी म्हणते आता पंधरा दिवस फक्त मऊभात, तूप आणि मेतकूट, भाजी अजिबात नको, बाळाला बाधते. आणि लोहाच्या गोळ्या आता बंद करायच्या का?

मुचकुंदी
२५ ऑगस्ट, दुपारी ४.४०

मुलीला माझा आशीर्वाद. पहिल्या तासात अंगावर घेतलंस ना? पुढचे सहा महिने अंगावरचं दूधच, वरचं पाणीसुद्धा नको.

गोळ्या बंद नाहीत. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस लोह, आणि कॅल्शियमही सहा महिने, तसंच वेगवेगळ्या वेळी. दवाखान्यातून निघताना मागून घे, नाही दिल्या तर आशाताईंना सांग. मऊभात-तूप दे म्हणावं मावशीला, प्रेमाने खा, पण त्याच ताटात मुगाची आमटी, पालेभाजी, नाचणी, आणि बंदी उठलीय, आता बांगडा येत असेल, तो. भाजीने आईच्या दुधाला काही होत नाही. तहान लागेल तेवढं पाणी पी.

सासूबाईंचं सांगशील मला? त्यांच्या डबीचं?

पागोळी
२६ ऑगस्ट, सकाळी ८.०५

काल नातीला बघायला आल्या होत्या. घेण्याआधी स्वतःहून साबणाने हात धुतले, चूळ भरली. म्हणाल्या, "माका आता होईना गो सोडूक, पण हिच्यासमोर लावूची नाय." मी त्यांना तो १८०० वाला नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलाय. कागद त्यांनी घडी करून कनवटीला लावला.